सोळा पूर्ण झाली, आता कायदा काय म्हणतो?

दहावीचा निकाल लागला की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, फेकरी-निंभोऱ्यात, वरणगावच्या वाटेवरच्या घरांत एक मागणी हमखास निघते. अकरावी भुसावळला, क्लास भुसावळला, परतायला अंधार. तेव्हा गाडी घेऊन द्या. मुलगा सांगतो, मला सोळा पूर्ण झाली, सोळाला लायसन्स मिळतं. वडील शिफ्टला जाणारे, आईला रोजची ने-आण जमत नाही, शेजारच्या क्वार्टरमधली मुलं तर नववीपासूनच स्कूटी फिरवतात. घरची गाडी दारात उभीच असते. चावी मुलाच्या हातात जाते, आणि त्याबरोबर घरातल्या मोठ्या माणसांवर काय येऊन पडलं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ती चावी देण्याआधी आई-वडिलांनी हे वाचावं आणि मग मुलामुलीला वाचायला द्यावं. सोळा पूर्ण झाल्यावर आपल्या कायद्यात नवे हक्क फारसे मिळत नाहीत. मात्र काही बाबतींत मोठ्या माणसाचा हिशेब याच वयापासून सुरू होतो. हक्क थोडे आणि जबाबदारी मोठी, अशी ही दोन वर्षं आहेत.

गाडीपासूनच सुरुवात करू. ‘सोळाला लायसन्स मिळतं’ हे खरं, पण कोणत्या गाडीचं? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ प्रमाणे १८ पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येत नाही. याला एक सवलत आहे. सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते, तीही लायसन्स काढून. शिकाऊ लायसन्ससाठी पालकाची लेखी संमती लागते. कायद्यात ही सवलत आली तेव्हा रस्त्यावर लुना होती. आज शोरूममधल्या बहुतेक स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीच्या असतात. त्यामुळे जळगावच्या आरटीओतून सोळाव्या वर्षी रीतसर काढलेलं लायसन्स खिशात असलं, तरी घरच्या स्कूटरवर ते लागू पडत नाही. ‘गिअर नाही ना, मग चालतं’ हा समज आपल्याकडे घरोघर आहे आणि तो साफ चुकीचा आहे. गिअर नसून भागत नाही, इंजिनही ५० सीसीच्या आत असावं लागतं.

मग बॅटरीवरची गाडी? इथे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, अशा हलक्या गाडीलाच लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगाने पळत असेल तर कायद्याच्या लेखी ती सरळ मोटार वाहन आहे. विकत घेताना मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा, पावतीवर वॅट आणि वेग लिहून घ्या. नंतर वेग वाढवून देतो म्हणणाऱ्याकडून तर गाडी घेऊच नका.

आता पालकांच्या भागाकडे येऊ. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९अ लागू झालं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला तर दोषी धरला जातो तो पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘मला न विचारता नेली हो’ असं बापाने सांगितलं तरी ते आपोआप मान्य होत नाही. गाडी पालकाच्या संमतीनेच दिली होती असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. काकाची, मामाची, शेजाऱ्याची गाडी असली तर तोही मालक म्हणून यात येतो. लायसन्स आहे आणि ज्या गाडीचं आहे तीच मुलगा चालवत होता, एवढ्यापुरती यातून सूट आहे.

पंचवीसपर्यंत लायसन्स नाही, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्या भागातली कितीतरी मुलं आयटीआय करून, डिप्लोमा करून कामाला लागतात. ड्रायव्हिंगवर पोट भरणारी आहेत, फील्डवर फिरायची नोकरी करणारी आहेत. ऐन उमेदीची ही वर्षं दोन किलोमीटरच्या सोयीपायी जातात. विम्याचंही तेच. चालकाकडे त्या गाडीचं वैध लायसन्स नसेल, तर विमा कंपनी अपघातग्रस्ताला भरपाई देऊन ती रक्कम पुढे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. एका अपघाताची भरपाई लाखांत जाते. क्वार्टरमधल्या पगारदार माणसाची आयुष्यभराची बचत त्यात संपू शकते.

आणि आपला रस्ताही डोळ्यांसमोर आणा. तरसोद ते चिखली महामार्ग चौपदरी झाल्यापासून भुसावळ-वरणगाव पट्ट्यात गाड्यांचा वेग वाढला आहे. त्यात औष्णिक केंद्राची राख वाहणारे डंपर आणि बल्कर, उन्हाळ्यात रावेर-यावलची केळी भरलेले ट्रक. सोळा वर्षांच्या मुलाला गाडी चालवता येते याबद्दल माझी तक्रार नाही, बऱ्याच मुलांना ती छान चालवता येते. मागून येणाऱ्या डंपरचा अंदाज मात्र सरावाने येतो, आणि तो सराव अशा रस्त्यावर करायचा नसतो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, मुलांना सवलतीचा पास मिळतो. बसच्या वेळा जुळत नसतील तर दहा-पंधरा पालकांनी मिळून भुसावळ आगाराकडे लेखी मागणी करावी. एकट्याने कुरकुर करून काही होत नाही.

सोळाचा आकडा खरा जड होतो तो फौजदारी कायद्यात. बाल न्याय कायदा २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. १८ च्या आतला प्रत्येक जण त्यात ‘बालक’च आहे. पण दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर जो संताप उसळला, त्यातून या कायद्यात १६ ते १८ वयासाठी वेगळी तरतूद आली. गुन्हा ‘निर्घृण’ प्रकारचा असेल, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त आहे असा, आणि तो करताना मुलाला सोळा पूर्ण झालेली असतील, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं. गुन्हा करण्याची त्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, प्रसंग काय होता, हे पाहतं. मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली जाते. मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं आणि खटला प्रौढासारखा चालू शकतो. तरीही फाशी होत नाही, सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही होत नाही, आणि २१ पूर्ण होईपर्यंत मुलाला कारागृहात न ठेवता सुरक्षित ठिकाणी ठेवलं जातं.

कोणत्या गुन्ह्यांत हे होतं? खून, बलात्कार ही नावं सगळ्यांना सुचतात. अमली पदार्थांची मोठ्या प्रमाणातली वाहतूक मात्र सुचत नाही, आणि तिथे किमान शिक्षा दहा वर्षं आहे. ‘ही बॅग फक्त स्टेशनपर्यंत पोचव, पाचशे देतो’ असं कुणी सांगितलं तर नाही म्हणायचं, आणि घरी येऊन सांगायचं. भुसावळसारख्या जंक्शनजवळ राहणाऱ्या मुलांना हे वेगळं बजावून सांगावं असं मला वाटतं. ‘अल्पवयीन आहेस, तुला काही होत नाही’ असं म्हणून मुलांना पुढे करणारी माणसं असतात. सोळा पूर्ण झालेल्या मुलाच्या बाबतीत ते खोटं आहे.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर काही तासांत मिळालेला जामीन साऱ्या राज्याला आठवतो. पुढे मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. त्या मुलाला प्रौढ मानून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्या निर्णयावर लोक चिडले, तो राग मला समजतो. पण ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली नाही तो ‘निर्घृण’ धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच स्पष्ट केलेलं आहे. कायद्याची ही चौकट माहीत असली की बातम्या वाचताना गोंधळ होत नाही.

आपल्याच मुलावर वेळ आली तर चार गोष्टी लक्षात असू द्या. अठराच्या आतल्या मुलाला बेडी घालता येत नाही, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं आणि पालकांना कळवावं लागतं. जामीन देणं हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बालकांना आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

यापुढचा विषय घरात कुणी काढत नाही, म्हणून तो इथे काढावाच लागतो.

अकरावी-बारावीच्या वयात मुलामुलींचा एकमेकांवर जीव जडतो. कायद्याने मात्र शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय १८ आहे. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून हो म्हटलं असलं तरी त्या होकाराला कायद्यात किंमत नाही. पॉक्सो कायदा २०१२ खाली तो लैंगिक अत्याचारच ठरतो. मुलगी १६ ते १८ मधली असेल तर किमान शिक्षा दहा वर्षं, सोळाच्या आतली असेल तर वीस. आता वर सांगितलेला बाल न्याय कायदा आठवा. किमान शिक्षा सात वर्षांच्या वर, म्हणजे गुन्हा ‘निर्घृण’ प्रकारातला. मुलगा स्वतः सोळा-सतराचा असला तरी त्याची प्राथमिक तपासणी होऊ शकते. शाळा, दवाखाना, डॉक्टर, ज्याला कळलं त्याच्यावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. एकदा गुन्हा नोंदला की दोन्हीकडच्या बैठका बसवून तो मिटत नाही. ‘पळून जाऊ’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक बदल. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यात जुन्या दंड संहितेत मुलासाठी वयाची मर्यादा १६ होती आणि मुलीसाठी १८. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती दोघांसाठीही १८ आहे.

मोबाइलबद्दल वेगळं सांगायला हवं. अठराच्या आतल्या कुणाचाही उघडा फोटो किंवा व्हिडिओ पाठवणं, पुढे ढकलणं हा गुन्हा आहे. ‘मी फक्त ठेवला होता’ हाही बचाव राहिलेला नाही. नुसतं साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. गट कुणाचाही असो, असं काही आलं तर पुढे पाठवायचं नाही, गटातून बाहेर पडायचं आणि घरी सांगायचं. आई-बापांनीही ते ऐकून घेताना हात उगारायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.

संमतीच्या वयाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १८८४ पासून चाललेल्या रखमाबाईंच्या खटल्याने तो पेटवला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या बाईने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, तुरुंगाची तयारी ठेवली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने हे वय दहावरून बारा झालं तेव्हा टिळक विरोधात आणि आगरकर, तेलंग, भांडारकर बाजूने उभे होते. १९४० मध्ये ते सोळा झालं आणि २०१२ मध्ये अठरा. आता ते पुन्हा सोळा करावं का, यावर सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद चालू आहेत. न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी २०२५ मध्ये १६ ते १८ मधल्या परस्परसंमतीच्या संबंधांना यातून वगळावं अशी बाजू मांडली, केंद्र सरकारने विरोध केला. विधी आयोगानेही २०२३ च्या अहवालात वय कमी करू नये असंच म्हटलं, पण अशा प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत तारतम्य ठेवता यावं असं सुचवलं. माझं मत विचाराल तर, सतराच्या मुलाला आणि सतराच्या मुलीला अत्याचारी आणि पीडित अशा दोन रकान्यांत टाकणं न्याय्य नाही. पण मत वेगळं आणि लागू असलेला कायदा वेगळा. मुलांना आज सांगायचं ते आजच्या कायद्याप्रमाणेच.

लग्नाबद्दल खानदेशात तरी गुळमुळीत बोलून चालणार नाही. मुलगी १८, मुलगा २१, आणि दोन्ही पूर्ण. आखाजीच्या मुहूर्तावर, नाहीतर ‘स्थळ चांगलं आहे, ऊसतोडीला जाण्याआधी उरकून टाकू’ म्हणत सोळा-सतराच्या मुलींची लग्नं अजूनही लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बालविवाह लावणारा, ठरवणारा, त्याला मदत करणारा, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्याने ठेवलेला संबंधही बलात्कार ठरतो. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून यात लग्नाची ढाल उरलेली नाही. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन केला तर कळवणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. आणि ज्या मुलीचं लग्न असं लावून दिलं गेलं, तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते न्यायालयातून रद्द करून घेता येतं. हे बऱ्याच मुलींना ठाऊकच नसतं, म्हणून मैत्रिणीला सांगा.

कामाचं थोडक्यात. चौदाच्या आत मजुरी नाही. चौदा ते अठरा दरम्यान काम चालतं, पण खाणीत, स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थांत, धोकादायक प्रक्रियांत नाही. या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत वीजनिर्मितीही आहे. म्हणून सुट्टीत ‘ठेकेदाराकडे चार पैसे कमवू दे’ म्हणत सोळाच्या मुलाला प्लँटच्या कामावर पाठवू नका. आयटीआयला चौदा पूर्णवर प्रवेश मिळतो, तो रस्ता चांगला.

हे सगळं ज्या तारखेवर उभं आहे, ती जन्मतारीख तपासली का? ‘सोळावं लागलं’ म्हणजे पंधरा पूर्ण. कायदा पूर्ण झालेली वर्षं मोजतो, आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडला की माणूस सज्ञान होतो. वयाचा वाद झाला तर बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. मुलाच्या बाबतीत जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर यांत फरक असेल, तर शाळा सोडण्याआधीच अर्ज करून दुरुस्ती करून घ्या. दाखला हातात पडल्यावर तेच काम कित्येक पटींनी अवघड होतं.

आधारचे ठसे आणि फोटो वयाच्या पंधराव्या वर्षानंतर नव्याने द्यावे लागतात. १५ ते १७ या वयात ते मोफत होतं. ते राहिलं की प्रवेश परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी धावपळ होते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्यांनी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण होतात का ते पाहावं. बँकेत दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. मात्र ते खातं आणि एटीएम कार्ड कुणालाही ‘दोन दिवस वापरायला’ देऊ नका. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती लागतात.

शेतकरी घरांसाठी एक खास सूचना. वडील लवकर गेले आणि मुलाचं नाव सातबाऱ्यावर लागलं, तर त्यापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो, अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव असतं. मुलाच्या नावावरची अशी जमीन आईलाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ती तशी विकली गेली असेल, तर मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाद मागता येते. सोळाव्या वर्षीच आपला सातबारा काढून बघा, वाचायला शिका. अठरा पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अपाक शेरा कमी करण्याचा अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो.

मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झालं. मतदार नोंदणीचा अर्ज मात्र सतरा पूर्ण झाली की आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण झालेली असतील त्या तारखेपासून नाव यादीत येतं. अर्ज नमुना क्रमांक ६.

या आठवड्यात दोन कामं करा. घरातल्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला शाळेच्या नोंदीशी ताडून बघा, आणि १०९८, आणीबाणीचा ११२, १५१०० हे तीन नंबर मुलांच्या फोनमध्ये घालून द्या. गाडीची चावी मात्र अठरा पूर्ण होऊन लायसन्स हातात येईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा.